भाग जातो हे ठाऊक, कशाने जातो हे नाही

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही एकवीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात उणे १. ती मूळ संख्या नाही, म्हणजे १ आणि ती स्वतः यांच्याखेरीज तिला आणखी कशाने तरी निःशेष भाग जातो, हे एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली दाखवले. कशाने भाग जातो, हे मात्र त्याला सांगता आले नाही. ते कळायला १९०३ साल उजाडले. मधली सत्तावीस वर्षे या संख्येला अवयव आहेत एवढेच माहीत होते. एकही अवयव कोणाच्या हाती नव्हता.

शाळेत आपण संयुक्त संख्या ओळखतो ती तिचे अवयव पाडून. ९१ संयुक्त का, तर ७ तेरे ९१. त्यामुळे अवयव न सापडता संख्या संयुक्त असल्याची खात्री होते कशी, हा प्रश्न साहजिक आहे. मोठ्या पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास गेली दीडशे वर्षे या प्रश्नाभोवती फिरतो आहे. संख्या मूळ आहे की संयुक्त, हा एक प्रश्न. संयुक्त असेल तर तिचे अवयव कोणते, हा दुसरा. दिसायला ही एकाच प्रश्नाची दोन रूपे वाटतात, पण पहिला आज जवळजवळ सुटला आहे आणि दुसरा अजून आपल्या आवाक्याबाहेर आहे. या अंतरावर आज बँकेच्या व्यवहारांपासून आधारच्या पडताळणीपर्यंत बरेच काही उभे आहे, म्हणून त्याचा आढावा घेणे मला गरजेचे वाटते.

सुरुवात करू या मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूपासून. २ चा कोणताही घात घेऊन त्यातून १ वजा केला की जी संख्या मिळते, तिला आज त्याचे नाव आहे. १६४४ च्या आपल्या ग्रंथात त्याने असे विधान केले की २५७ पर्यंतच्या घातांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरा घातांनाच मूळ संख्या मिळते. एवढ्या मोठ्या संख्या त्या काळी तपासणे शक्यच नव्हते, आणि त्याच्या समकालीनांनाही ते ठाऊक असणार. पुढे या यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ यादीत नको होते. ६१, ८९ आणि १०७ हवे होते. ६१ ची भर १८८३ मध्ये पर्वुशिन या रशियन ग्रामीण पाद्र्याने घातली. ८९ आणि १०७ पॉवर्स या अमेरिकन माणसाने १९११ आणि १९१४ मध्ये शोधले. संपूर्ण यादी तपासून व्हायला १९४७ उजाडले. माझ्या मते मर्सेनचे मोठेपण त्याच्या उत्तरांत नाही. त्याने निवडलेला प्रश्न तीनशे वर्षे लोकांना कामाला लावण्याइतका सकस होता, यात ते आहे.

यादीतला ६७ फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन प्राध्यापकाने कायमचा खोडला. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत त्याने आपला निबंध मांडला. एरिक टेंपल बेल या लेखकाने सांगितलेली हकिगत अशी की कोल फळ्यापाशी गेला, एकही शब्द न बोलता त्याने २ चा ६७ वा घात काढला आणि त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला त्याने १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार पूर्ण केला. दोन्ही उत्तरे जुळली आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. हे अवयव शोधायला किती वेळ लागला असे बेलने नंतर विचारले, तेव्हा कोलचे उत्तर होते: तीन वर्षांचे रविवार. बेलला गोष्टी रंगवायची हौस होती, तेव्हा तपशिलाची हमी कोणी घेऊ नये. निबंध मात्र खरा आहे आणि गुणाकारही खरा आहे. ज्याला खात्री करायची आहे त्याला कागद-पेन घेऊन अर्ध्या तासात ती करता येईल.

अर्धा तास आणि तीन वर्षे यांच्यातला हा फरक नीट पाहण्यासारखा आहे. या संख्येला एकेका मूळ संख्येने भागत जायचे म्हटले तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १,२१५ कोटींपर्यंत जावे लागते. तिथवर पन्नास कोटींहून अधिक मूळ संख्या आहेत. सुदैवाने मर्सेनच्या संख्यांना एक शिस्त आहे. घात स्वतः मूळ संख्या असेल तर अशा संख्येचा प्रत्येक मूळ अवयव त्या घाताच्या दुपटीच्या एखाद्या पटीत १ मिळवून येतो. २ चा ११ वा घात उणे १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. यातले २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे ८८ अधिक १. ६७ च्या बाबतीत अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा हवा. कोलला सापडलेला लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीत १ मिळवून येतो. शिवाय अशा अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते, त्यामुळे निम्मे उमेदवार आपोआप बाद होतात. तरीही सव्वासात लाखांच्या आसपास उमेदवार उरतात, आणि हाताने एवढे भागाकार करणे एका माणसाच्या आयुष्यात बसणारे नाही. कोलने वर्ग-बाक्यांचे आणखी बारीक नियम लावून ही गर्दी कमी केली. त्याचे खरे काम ते आहे; फळ्यावरचा गुणाकार म्हणजे त्याचा शेवट.

आता ल्यूकाकडे वळू. त्याला अवयव न पाहता निकाल कसा देता आला? त्याची पद्धत पुढे डी. एच. लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० मध्ये नेटकी केली आणि आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. ४ पासून सुरुवात करायची. हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे, आणि उत्तराला तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करायचे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात उणे १, म्हणून इथे तीन फेऱ्या: ४ चे १४, १४ चे १९४ म्हणजे बाकी ८, आणि ८ चे ६२ म्हणजे बाकी ०. ३१ मूळ ठरली. २०४७ साठी नऊ फेऱ्या लागतात: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य आले नाही, म्हणून २०४७ संयुक्त. निकाल पक्का आहे, पण १७३६ या बाकीकडे कितीही वेळ पाहिले तरी त्यात २३ आणि ८९ कुठेच दिसत नाहीत. कोलच्या संख्येसाठी अशा अवघ्या पासष्ट फेऱ्या पुरतात. एका बाजूला पन्नास कोटी भागाकार, दुसऱ्या बाजूला पासष्ट वर्ग: मूळ-संयुक्त ठरवण्याचे आणि अवयव काढण्याचे काम इथून वेगळे झाले.

मर्सेनच्या संख्यांचे एक वैशिष्ट्य मराठी वाचकाला जवळचे वाटेल. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिले, तर २ चा ६७ वा घात उणे १ म्हणजे एकापुढे एक सदुसष्ट वेळा लिहिलेला १. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीतल्या अशाच एकांच्या रांगांमध्ये डहाणूला जन्मलेले आणि देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर रमले होते. नऊ एकांच्या रांगेचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. असे वर्ग त्यांनी 'डेम्लो संख्या' या नावाने अभ्यासलेल्या संख्यांत मोडतात. अंकांच्या मांडणीवर अवलंबून असलेले गुणधर्म खोल नसतात असा गणितज्ञांचा एक सूर असतो, आणि त्यात तथ्य आहे, कारण दहाऐवजी दुसरा आधार घेतला की मांडणी बदलते. पण एकांच्या रांगेला हा आक्षेप पुरता लागू होत नाही. सहा एक म्हणजे १११ गुणिले १००१. रांगेची लांबी संयुक्त असेल तर रांगेचे तुकडे पडतात, म्हणून संख्याही संयुक्त असते. हा युक्तिवाद दशमानात चालतो तसाच द्विमानातही चालतो, आणि मर्सेनने घात मूळ संख्याच का घेतले याचे कारण हेच आहे. दशमानातल्या १,०३१ एकांच्या रांगेची संख्या मूळ असल्याची सिद्धता १९८६ मध्ये मिळाली. त्याच वर्षी कापरेकर गेले.

या रांगांमधून दुसरीही एक गोष्ट कळते. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असण्याचा दाट संभव १९९९ मध्ये दिसला, पण ती मूळ आहे हे सिद्ध व्हायला २०२२ उजाडले. 'बहुधा मूळ' आणि 'सिद्ध मूळ' यांत इतके अंतर का पडते, हे समजायला फर्माकडे जावे लागते. सतराव्या शतकातल्या या फ्रेंच न्यायाधीशाचा नियम असा: न ही मूळ संख्या असेल, तर न ने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येचा (न उणे १) वा घात घेऊन त्याला न ने भागले की बाकी १ च उरते. बाकी १ नसेल तर न नक्की संयुक्त. मोठा घात काढायला तेवढे गुणाकार लागत नाहीत, वर्ग करत जायचे असते. २ चा १०० वा घात भागिले १०१ घ्या. वर्ग करत आणि बाकी ठेवत गेले की २, ४, १६, ५४, ८८, ६८, ७९ असे सहा वर्गांत ६४ व्या घातापर्यंत पोचतो. मग ७९, ६८ आणि १६ यांचा गुणाकार, आणि बाकी १. एकतीस अंकी महाकाय घात प्रत्यक्षात लिहावाच लागला नाही.

अडचण उलट दिशेची आहे. बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, तरी २ च्या घाताची परीक्षा ती पास होते. ५६१ तर अशी की तिच्याशी सहमूळ असलेली कोणतीही संख्या घेतली तरी बाकी १ च येते. अशा फसव्या संख्यांना कार्मायकेल संख्या म्हणतात, आणि त्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. मिलर आणि राबिन यांनी १९७६ ते १९८० दरम्यान या परीक्षेला धार लावली. त्यांच्या परीक्षेत संयुक्त संख्या एका फेरीत निसटण्याची शक्यता फार तर चारात एक असते. वीस फेऱ्या घेतल्या तर ती एक लाख कोटीत एकपेक्षाही कमी होते. व्यवहाराला हे पुरते. गणिताला पुरत नाही.

म्हणून ऑगस्ट २००२ ची बातमी मोठी होती. कानपूर आयआयटीचे मणींद्र अग्रवाल आणि त्याच वर्षी पदवी घेतलेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी अशी पद्धत दिली जी कोणत्याही संख्येबद्दल, नशिबावर काही न सोपवता आणि कोणतेही गृहीतक न धरता, ती मूळ आहे की नाही हे ठरवते. लागणारा वेळही अंकांच्या संख्येच्या एखाद्या ठरावीक घाताच्या मर्यादेतच वाढतो. त्यांचा निबंध २००४ मध्ये 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये आला आणि २००६ मध्ये त्यांना गोडेल पारितोषिक मिळाले. शेकडो वर्षे अनेकांनी हाताळलेला प्रश्न महाविद्यालयीन बीजगणिताच्या जवळपासच्या साधनांनी सुटला, याचा मला आजही आनंद होतो. प्रत्यक्ष वापरात ही पद्धत संथ आहे, तिथे मिलर-राबिनच चालते. पण तत्त्वाचा प्रश्न कानपूरने मिटवला.

विक्रमांचा हिशेब थोडक्यात आटोपतो. ल्यूकाने १८७६ मध्ये मूळ ठरवलेली २ चा १२७ वा घात उणे १ ही ३९ अंकी संख्या हाताने केलेल्या कामाचा कळस मानायला हरकत नाही. १९५२ मध्ये रॉबिन्सनने संगणकावर एका वर्षात पाच नव्या मर्सेन मूळ संख्या शोधल्या. १९९६ पासून जगभरातले स्वयंसेवक आपापले संगणक एकत्र जोडून हा शोध चालवत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट याने ग्राफिक्स चिप वापरून २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १ ही मूळ संख्या शोधली. तिचे ४,१०,२४,३२० अंक आहेत. अशी संख्या सापडते ती तिच्या खास रूपामुळे. कसलेही खास रूप नसलेली चार कोटी अंकी संख्या मूळ आहे हे सिद्ध करण्याच्या जवळपासही आपण नाही.

संख्येच्या रूपाचा हा मुद्दा अवयवांच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचा ठरतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८७४ च्या आपल्या पुस्तकात ८,६१,६४,६०,७९९ ही संख्या दिली आणि कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारातून ती आली हे आपल्याशिवाय कोणाला कधी कळणार नाही, असे मत नोंदवले. गुणाकार सोपा आणि उलटा प्रवास अवघड, हे त्याचे निरीक्षण शंभर वर्षे काळाच्या पुढे होते. उदाहरण मात्र चुकीचे निवडले गेले. ही संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते का ते पाहू. वर्गमुळाच्या लगेच वरची संख्या ९२,८२५. तिथून एकेक पायरी चढत गेले की छप्पन्नाव्या प्रयत्नात ९२,८८० येते. तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा केली की ३,१९९ चा पूर्ण वर्ग उरतो. आता ९२,८८० मधून ३,१९९ वजा करा आणि मिळवा: ८९,६८१ आणि ९६,०७९. झाले अवयव. एका संध्याकाळी कागदावर होण्याजोगे हे काम आहे. ही युक्ती फर्माच्या नावाने ओळखली जाते, पण वर्गांच्या फरकातून अवयव काढण्याची रीत नारायण पंडित यांनी १३५६ च्या 'गणितकौमुदी'त, फर्माच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधी दिली होती. अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही रीत झटपट चालते, दूर असले की हताश करते. म्हणजे संख्या किती मोठी आहे यावर सगळे ठरत नाही; तिच्या अवयवांची ठेवण कशी आहे हेही पाहावे लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अवयव शोधण्याच्या पद्धती भराभर आल्या. पोलार्डच्या १९७४-७५ च्या दोन रीती, पोमरन्सची १९८१ ची वर्गीय चाळणी, लेन्स्ट्राची १९८७ ची विवृत्तीय वक्रांची पद्धत, आणि सध्या सर्वांत प्रबळ असलेली संख्याक्षेत्र चाळणी. फर्माच्या संख्यांवर त्यांची कसोटी लागली. फर्माला वाटत होते की २ चा ३२ वा घात अधिक १ ही मूळ संख्या आहे. ऑयलरने १७३२ मध्ये तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले. अशा संख्यांत २ चा घातांक स्वतःही २ चा घात असतो, आणि ३२ हा २ चा ५ वा घात म्हणून ही पाचवी संख्या. या मालिकेतल्या सातव्या संख्येचे अवयव १९७० मध्ये, आठवीचे १९८० मध्ये, नववीचे १९९० मध्ये सापडले. अकरावीपर्यंत पूर्ण अवयव माहीत आहेत, बारावीचे आजही अपुरे आहेत. विसावी आणि चोविसावी संख्या संयुक्त असल्याची सिद्धता आहे, तरी त्यांचा एकही अवयव कोणाला माहीत नाही. विसावीत ३,१५,६५३ अंक आहेत. तेहतिसावी मूळ की संयुक्त हेच अजून ठरलेले नाही. तिला सुमारे २५८ कोटी अंक आहेत. आणि मर्सेनच्या घराण्यात २ चा १२७७ वा घात उणे १, अवघी ३८५ अंकी, संयुक्त असल्याचे पक्के ठाऊक आहे, पण आजचे सगळे संगणक असूनही तिचा एकही अवयव सापडलेला नाही.

ल्यूका आणि कोल यांच्यातल्या सत्तावीस वर्षांच्या या अंतराचा उपयोग करून घ्यायचे १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी ठरवले. दोन मोठ्या मूळ संख्या निवडायच्या, त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा, मूळ संख्या लपवून ठेवायच्या. जाहीर संख्येने कोणीही निरोप कुलूपबंद करू शकतो. उघडतो तो फक्त ज्याच्याकडे अवयव आहेत तो. अशा मूळ संख्या मिळवणे अवघड नसते. १८९६ मध्ये सिद्ध झालेल्या प्रमेयानुसार ३०९ अंकी संख्यांच्या परिसरात, आज वापरल्या जाणाऱ्या आकारासाठी, दर ७१० संख्यांमागे सरासरी एक मूळ संख्या असते. सम संख्या सोडून दिल्या की साडेतीनशेच्या आसपास प्रयत्न पुरतात, आणि प्रत्येक प्रयत्न मिलर-राबिन क्षणात तपासते. आधारच्या प्रमाणीकरणात माहितीचे पाकीट ज्या किल्लीने बंद होते, ती किल्ली अशाच २०४८ बिटांच्या, म्हणजे सुमारे ६१७ अंकी जाहीर संख्येने सुरक्षित केली जाते. आपल्याकडच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांमागेही बहुतेक वेळा हेच गणित असते.

ही कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोचवली मार्टिन गार्डनर यांनी, 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या ऑगस्ट १९७७ च्या सदरात. याच सदरातून दोन वर्षे आधी, मार्च १९७५ मध्ये, त्यांनी कापरेकरांची जगाला ओळख करून दिली होती. १९७७ च्या लेखात एक १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून छापली होती, बक्षीस शंभर डॉलर. ती फोडायला अब्जावधी वर्षे लागतील असे तेव्हा वाटत होते. एप्रिल १९९४ मध्ये, सुमारे सहाशे स्वयंसेवकांच्या संगणकांवर वर्गीय चाळणी चालवून, ती फुटली. सतरा वर्षे. २००९ मध्ये २३२ अंकी संख्येचे अवयव मिळाले, फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी. त्या शेवटच्या कामाला एका संगणक-गाभ्याच्या हिशेबाने सुमारे २,७०० वर्षांचे गणन लागले. ६१७ अंक त्यापुढे फार दूर आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. मोठ्या संख्यांचे अवयव काढणे अवघड आहे हे कोणीही सिद्ध केलेले नाही. झटपट पद्धत अस्तित्वातच नाही, असे प्रमेय नाही. आजवर कोणाला सापडली नाही, एवढेच. कोणत्याही संख्येबद्दल मूळ-संयुक्त पक्के ठरवणारी तशी पद्धत कानपूरला सापडेपर्यंत तीही नव्हतीच. 'सुरक्षित' हा शब्द बँका आणि सरकारे वापरतात तेव्हा त्याचा अर्थ 'अजून सुटलेले नाही' असा घ्यायला हवा, आणि नागरिकाला तो तसा सांगितला जायला हवा.

पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम वेगाने करील. असा संगणक आज नाही. पण अंदाज खाली येत आहेत. ६१७ अंकी संख्येसाठी दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागतील असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला होता. २०२५ च्या नव्या हिशेबाने क्यूबिटची गरज दहा लाखांच्या खाली आणली, वेळ एक आठवड्याच्या आत. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर अजिबात न विसंबणारी तीन नवी मानके जाहीर केली आहेत. बदल करण्याची वेळ आली आहे, आणि दहा-वीस वर्षे गुप्त राहायला हवी अशी माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांनी थांबू नये असे माझे मत आहे.

धोका मात्र नेहमी भविष्यातूनच येतो असे नाही. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून त्यांतल्या जोड्यांचा मसावि काढला. हजारो किल्ल्या तिथल्या तिथे फुटल्या. कारण साधे होते: काही उपकरणे यादृच्छिक संख्या नीट निवडत नव्हती, म्हणून दोन वेगवेगळ्या किल्ल्यांत एक मूळ संख्या सारखी पडली होती. स्वतंत्रपणे दोघींचे अवयव काढणे अशक्य, पण त्यांचा मसावि काढायला संगणकाला क्षणही लागत नाही, आणि मसावि म्हणजेच तो सामाईक अवयव. पद्धत युक्लिडची, तेवीसशे वर्षे जुनी, आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात असलेली भागाकाराची रीत.

म्हणून गणित शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. मसावि शिकवताना मूळ अवयव पाडण्याची रीत मुलांना आवडते आणि भागाकाराची रीत बहुधा एका तासात उरकली जाते. तसे करू नका. फळ्यावर ८६३३ आणि ९९९१ या संख्या लिहा. अर्ध्या वर्गाला ८६३३ चे अवयव पाडू द्या. २ पासून ओळीने मूळ संख्यांनी भागत गेले तर त्यांना चोवीस भागाकार करावे लागतील, तेव्हा ८९ सापडेल. उरलेल्या अर्ध्या वर्गाला ९९९१ ला ८६३३ ने भागू द्या, मग ८६३३ ला बाकीने, मग बाकीला बाकीने. १३५८, ४८५, ३८८, ९७ अशा बाक्या येतील आणि पाचव्या भागाकाराला बाकी शून्य उरेल. पहिली रीत सहाशे अंकी संख्येपुढे हात टेकते, दुसरी तिथेही चालते. हे मुलांना त्याच तासाला सांगा.